अबोल वीर आणि बोलका पडदा

बोलणाऱ्याचा कोंडाही विकला जातो आणि न बोलणाऱ्याचे गहूंही कोठारांत पडून राहतात, अशा अर्थाची म्हण आपल्याकडे घरोघर ऐकूं येते. बाजारापुरती ती खरी असेल. परंतु नाट्याच्या प्रांतांत हीच अडचण फार बिकट होऊन बसते. नाटककाराचें मुख्य साधन म्हणजे पात्राचें बोलणें. नायक बोलला, म्हणजे त्याचें अंतःकरण प्रेक्षकांस कळलें. तो रडला, म्हणजे प्रेक्षकांचे डोळे ओले झाले. मग ज्या पुरुषाच्या मोठेपणाचा अर्धा भाग न बोलण्यांतच आहे, त्याचें आयुष्य पडद्यावर दाखवावयाचें तरी कसें? त्याला बोलका करावा, तर तो तो राहत नाहीं. अबोल ठेवावा, तर प्रेक्षक जांभया देतात.

हा प्रश्न आज काढण्याचें निमित्त म्हणजे अमेरिकन अंतराळवीरांच्या जीवनावर निघालेले चित्रपट. ह्या मंडळींचा व्यवसायच असा, कीं त्यांत मितभाषी माणसेंच टिकावींत. आरंभींच्या अंतराळवीरांची निवड परीक्षक वैमानिकांतून झाली. नवें विमान प्रथम उडवून त्याचे गुणदोष पाहणारा, तो परीक्षक वैमानिक. विमान कोसळूं लागलें असतां अशा माणसास ओरडावयास सवड नसते. उंची किती, वेग किती, कोणतें यंत्र बंद पडलें, एवढेंच त्यानें खालच्या मंडळींस कळवावयाचें. कारण तो स्वतः वांचला नाहीं, तरी त्यानें सांगितलेले आंकडे पुढच्या वैमानिकाच्या उपयोगीं पडतात. वर्षानुवर्षें असें बोलण्याची संवय जडल्यावर तोच पुरुष घरीं येऊन पानावर बसला, म्हणजे त्याच्या वाणीस एकाएकीं पालवी फुटेल, अशी अपेक्षा करणें व्यर्थ होय. अशीं माणसें केवळ अमेरिकेंत असतात असेंही नाहीं. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या घरीं असा एखादा वडीलधारा पुरुष असेल, आणि म्हणूनच हा विषय आम्हांस घरगुती वाटतो.

आपल्या शास्त्राचें सांगणें

न बोललेलें कसें दाखवावें, ह्याचा विचार आपल्या पूर्वजांनीं फार बारकाईनें करून ठेविला आहे. भरतमुनींनीं जे तेहतीस व्यभिचारी भाव सांगितले, त्यांत अवहित्था नांवाचा एक भाव आहे. अवहित्था म्हणजे मनांत उठलेला विकार झांकून ठेवणें. लपविणें हाही एक भाव आहे आणि नटाला तो दाखवितां येतो, हें त्यांनीं केव्हांच ओळखलें होतें. कुमारसंभवांत सप्तर्षि हिमालयाकडे येऊन पार्वतीच्या विवाहाची गोष्ट काढितात, तेव्हां पित्याच्या शेजारीं उभी असलेली पार्वती एक अक्षर बोलत नाहीं. ती मान खालीं घालून हातांतील कमळाच्या पाकळ्या मोजीत राहते. कालिदासानें तिला लाज वाटली असें लिहिलें नाहीं, आनंद झाला असेंही लिहिलें नाहीं. आनंदवर्धनासारख्या मर्मज्ञानें ध्वनीचें उदाहरण म्हणून हाच प्रसंग निवडला.

शोकाच्या बाबतींत भवभूतीची उपमा सर्वश्रुत आहे. उत्तररामचरिताच्या तिसऱ्या अंकाच्या आरंभीं रामचंद्राच्या दुःखाला त्यानें पुटपाकाची उपमा दिली. वैद्य लोक औषधि भांड्यांत घालून त्याचें तोंड मातीनें लिंपून टाकितात आणि मग तें भांडें विस्तवांत ठेवितात. बाहेरून पाहणाऱ्यास वाफ दिसत नाहीं, चटका मात्र आंतल्या आंत लागत असतो. गंभीर पुरुषाचें दुःख ह्याहून अचूक शब्दांत कोणीं सांगितल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. तथापि भवभूतीला एक सोय होती. त्याचा राम पुढें पंचवटींत येतो, जुनी वनस्थळी पाहतो आणि मोकळ्या कंठानें विलाप करितो. भांड्याचें तोंड शेवटीं उघडतें. ज्याचें तें कधींच उघडलें नाहीं, अशा नायकाशीं भवभूतीची गांठ पडली नव्हती.

दोन आधींचे प्रयत्न

अमेरिकन चित्रपटकारांची मात्र पडली, आणि त्यांतून त्यांनीं निरनिराळ्या वाटा काढल्या. त्यांपैकीं दोन पाहण्यासारख्या आहेत.

टॉम वुल्फ यांच्या १९७९ मधील पुस्तकावरून फिलिप कॉफमन यांनीं १९८३ सालीं 'द राइट स्टफ' हा चित्रपट काढला. त्यांत गस ग्रिसम यांचें एक प्रकरण आहे. ग्रिसम हे अंतराळांत गेलेले दुसरे अमेरिकन. माणूस अत्यंत मितभाषी. २१ जुलै १९६१ रोजीं पंधरा मिनिटांचें उड्डाण संपवून त्यांचें यान अटलांटिक महासागरांत उतरलें. त्यांना बाहेर काढण्याची तयारी चालू असतां यानाचें दार अकालीं उडालें, पाणी आंत शिरलें, ग्रिसम कसेबसे पोहत बाहेर पडले आणि यान बुडालें. आपण दाराच्या खटक्याला हात लाविला नाहीं, एवढें सांगून ते थांबले. चित्रपटांत मात्र हा मनुष्य गांगरून गेला आणि त्याच्याच हातून दार उडालें, असा प्रेक्षकाचा ग्रह होईल अशी मांडणी केलेली आहे. वास्तविक दुसरा पुरावा तेव्हांच उपलब्ध होता. १९६२ च्या ऑक्टोबरांत वॉली शिरा यांनीं आपलें यान जहाजावर आल्यानंतर मुद्दाम तो खटका दाबून दार उडविलें. त्याच्या उलट्या दणक्यानें त्यांच्या हाताला दुखापत झाली. ग्रिसम यांच्या हातावर तसली कसलीही खूण आढळली नव्हती. चित्रपट निघाला तेव्हां ग्रिसम उत्तर देण्यास जगांत नव्हते. २७ जानेवारी १९६७ रोजीं अपोलो यानाची जमिनीवरच चांचणी चालू असतां लागलेल्या आगींत ते आणि त्यांचे दोन सोबती मरण पावले. पुढें २० जुलै १९९९ रोजीं तें बुडालेलें यान समुद्रतळावरून वर काढण्यांत आलें. यान वर आलें, परंतु लाखों प्रेक्षकांच्या मनांत बसलेलें भेदरलेल्या ग्रिसमचें चित्र इतक्या सहजीं निघणारें नाहीं. अबोल माणसाविषयीं लिहितांना पहिला धोका हा असा आहे: तो आपली बाजू मांडीत नाहीं, म्हणून ती नव्हतीच असें धरून चालण्याचा मोह होतो.

दुसरी वाट रॉन हॉवर्ड यांच्या १९९५ मधील 'अपोलो १३' ह्या चित्रपटाची. १९७० च्या एप्रिलांत चंद्राकडे निघालेल्या यानांतील प्राणवायूची टांकी फुटली आणि जिम लव्हेल व त्यांचे दोन सोबती मोठ्या शर्थीनें जिवंत परत आले. त्या प्रवासांतील संभाषणाचें ध्वनिमुद्रण आजही ऐकावयास मिळतें. आपला जीव टांगणीला लागला आहे, हें त्या स्वरांवरून ओळखूं येऊं नये इतके ते शांत आहेत. अडचण आली हें त्यांनीं सांगितलें, तेंही भूतकाळांत. चित्रपटांत त्याच वाक्याचा वर्तमानकाळ झाला, कारण वर्तमानकाळानें प्रेक्षकाच्या काळजांत अधिक धस्स होतें! व्याकरण शिकविण्यांत जन्म घालविलेल्या आमच्यासारख्यांस ह्या एका क्रियापदाच्या फरकांत चित्रपटसृष्टीचें सारें शास्त्र दिसलें. शिवाय दोघा सोबत्यांमध्यें एक कडाक्याचें भांडण घातलेलें आहे. प्रत्यक्षांत तसें कांहीं झालें नव्हतें. मात्र येथें अन्याय झाला असें आम्ही म्हणणार नाहीं. लव्हेल हयात होते, चित्रपटाला आधार झालेलें पुस्तक त्यांनींच एका सहलेखकासह लिहिलें होतें, आणि शेवटच्या प्रसंगांत जहाजाचा कप्तान होऊन ते स्वतः पडद्यावर आले. ते २०२५ सालीं वारले. ज्याला बोलतां येतें, त्याच्या गोष्टींत थोडें तिखटमीठ घातलें तरी तो तें निवडून बाजूस काढूं शकतो.

तोंड लिंपलेलें भांडें

तिसरें उदाहरण सर्वांत अवघड आहे. तें म्हणजे चंद्रावर पहिलें पाऊल ठेवणारे नील आर्मस्ट्राँग यांचें.

त्यांचा जन्म ५ ऑगस्ट १९३० रोजीं ओहायो राज्यांतील वापाकोनेटा गांवाजवळ झाला. सोळाव्या वर्षीं त्यांना विमान चालविण्याचा परवाना मिळाला. कोरियाच्या युद्धांत ७८ उड्डाणें करून ते परत आले, विमानविद्येचे पदवीधर झाले आणि परीक्षक वैमानिक म्हणून काम करूं लागले. १९५६ च्या २८ जानेवारीस जॅनेट यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. त्यांना तीन अपत्यें: रिक, कॅरन आणि मार्क. कॅरन ही मधली, एकुलती एक मुलगी. दोन वर्षांची असतां तिच्या मेंदूंत गांठ झाल्याचें आढळलें. उपचारांनीं थोडा उतार पडला, पण तो टिकला नाहीं. १९६२ च्या २८ जानेवारीस, म्हणजे आईबापांच्या विवाहाच्या सहाव्या वाढदिवशींच, ती गेली. तिसरें वर्ष पुरें व्हावयाचें होतें.

आर्मस्ट्राँग थोड्याच दिवसांत कामावर रुजू झाले. सहकाऱ्यांपैकीं कित्येकांजवळ त्यांनीं मुलीचा उल्लेखही केला नाहीं. त्याच वर्षीं त्यांनीं अंतराळवीर होण्यासाठीं अर्ज केला आणि सप्टेंबरांत त्यांची निवड झाली. ह्या दोन गोष्टींचा कांहीं संबंध होता काय? त्यांनीं कधीं सांगितलें नाहीं.

पुढील सात वर्षांतील संकटें वाचतांना छाती दडपते. १६ मार्च १९६६ रोजीं जेमिनी-८ ह्या यानांतून जाऊन त्यांनीं व डेव्हिड स्कॉट यांनीं अंतराळांत दोन यानें एकमेकांस जोडण्याचा पहिलाच प्रयोग यशस्वी केला. आणि थोड्याच वेळांत एका बिघडलेल्या झोतयंत्रामुळें यान गरगर फिरूं लागलें. सेकंदाला सुमारें एक फेरा ह्या वेगानें फिरतांना डोळ्यांपुढें अंधारी येऊं लागली असतां, त्यांनीं परतीसाठीं राखून ठेविलेली दुसरी यंत्रणा चालू करून यान स्थिर केलें. ६ मे १९६८ रोजीं चंद्रावर उतरण्याचा सराव करण्याचें विचित्र वाहन आकाशांतच बेकाबू झालें. जमीन जेमतेम दोनशें फूट खालीं असतां त्यांनीं आसनासह स्वतःला बाहेर फेंकून घेतलें. वाहन खालीं आपटून जळालें. आर्मस्ट्राँग यांना इजा काय झाली, तर जीभ चावली गेली! त्याच दिवशीं ॲलन बीन नांवाच्या सहकाऱ्यास हा अपघात दुसऱ्याच कोणाकडून कळला. त्यांचा विश्वास बसेना. कारण आर्मस्ट्राँग त्यांना नुकतेच कचेरींत आपल्या टेबलाशीं काम करीत बसलेले दिसले होते.

'फर्स्ट मॅन' ह्या चित्रपटाची युक्ति

अशा पुरुषानें कित्येक चरित्रकारांस वाटेला लाविलें होतें, ह्यांत नवल नाहीं. अखेर इतिहासाचे प्राध्यापक जेम्स हॅन्सन यांस त्यांनीं संमति दिली, पन्नासांहून अधिक तास मुलाखती दिल्या, आणि २००५ सालीं तें चरित्र प्रसिद्ध झालें. आर्मस्ट्राँग २५ ऑगस्ट २०१२ रोजीं वारले. त्यानंतर सहा वर्षांनीं, २०१८ मध्यें, त्या चरित्रावरून डेमियन शझेल यांनीं 'फर्स्ट मॅन' हा चित्रपट काढला. पटकथा जोश सिंगर यांची. आर्मस्ट्राँग यांची भूमिका रायन गॉसलिंग यांनीं आणि जॅनेट यांची क्लेअर फॉय यांनीं केली.

शझेल यांनीं नायकाला बोलका केलें नाहीं. हा त्यांचा पहिला आणि मोठा गुण. मुलीच्या अंत्यविधीनंतर नायक आपल्या अभ्यासाच्या खोलींत जातो, तिचें मण्यांचें कंकण टेबलाच्या खणांत ठेवितो, बाहेरचें कोणाला दिसूं नये अशी व्यवस्था करितो आणि मग एकटाच रडतो. त्यानंतर बहुतेक चित्रपटभर तो रडत नाहीं, मुलीचें नांव काढीत नाहीं. एका सहकाऱ्याच्या मृत्यूनंतर तो रात्रीं परसांत एकटा उभा असतो. मित्र समजूत घालावयास येतो, तेव्हां 'बोलावयाचें असतें तर मी परसांत येऊन उभा राहिलों असतों काय' अशा अर्थाचें एक वाक्य बोलून तो त्याला वाटेला लावितो. १९६७ च्या आगीची वार्ता दूरध्वनीवर येते, तेव्हां त्याचा चेहरा हालत नाहीं. हातांतला कांचेचा पेला तेवढा मुठींत फुटतो आणि रक्त येतें. आमच्या शास्त्राच्या भाषेंत सांगावयाचें, तर येथें वाचिक अभिनयाची जागा अनुभावानें घेतली आहे. पार्वतीच्या हातीं कमळ होतें, ह्याच्या हातीं पेला आहे, एवढाच फरक.

यानांतील प्रसंगही त्याच धोरणानें घेतले आहेत. यान बाहेरून दिमाखानें उडतांना फारसें दिसत नाहीं. प्रेक्षकाला आंत, त्या अरुंद पेटींत, नायकाच्या शेजारीं बसविलें आहे. खिळे कुरकुरतात, आंकडे थरथरतात, खिडकीच्या इवल्याशा चौकटींतून आकाश दिसतें. ह्यासाठीं खरोखरीच्या आकाराचे यानकक्ष करून ते यंत्रांनीं हालविले आणि खिडकीबाहेर प्रचंड विद्युत्पडद्यावर आकाशाचीं चित्रें दाखविलीं. ह्या करामतीबद्दल चित्रपटाला २०१९ सालीं ऑस्कर पारितोषिक मिळालें. चंद्राचा भूभाग अटलांटा शहराजवळच्या एका दगडाच्या खाणींत उभारला होता. चंद्रयानाचें दार उघडतें, त्या क्षणीं सर्व आवाज बंद होतो. नायकाच्या स्वभावाला साजेशी जागा त्याला प्रथमच मिळाली, असें तें पाहतांना आम्हांस वाटून गेलें.

आमच्या घरीं हा चित्रपट तीन पिढ्यांनीं एकत्र बसून पाहिला. धाकट्या नातवाचें मत असें पडलें, कीं नायक अगदींच रुक्ष आहे. चंद्रावर जाऊनही हा हंसत नाहीं, म्हणजे काय? अमेरिकेंतील पुष्कळ प्रेक्षकांची तक्रार हीच होती, आणि तिकिटविक्रीही अपेक्षेइतकी झाली नाहीं. आमच्या सूनबाई मात्र जरा वेळानें म्हणाल्या, "मामंजी, हा मनुष्य मुका नाहीं. तो बोलतो, पण कामावर. घरीं येईपर्यंत त्याचें बोलणें संपून गेलेलें असतें." ह्या अभिप्रायाकडे आम्हांस पुढें पुन्हां वळावयाचें आहे.

कंकण आणि अंगठी

आतां वादाचा मुद्दा. २० जुलै १९६९ रोजीं यान चंद्रावर उतरलें. सुमारें अडीच तासांच्या त्या पदभ्रमणाच्या अखेरीस, आधीं ठरलेलें नसतां, आर्मस्ट्राँग यानापासून सुमारें साठ मीटर दूर असलेल्या एका विवराच्या कांठापर्यंत एकटे गेले आणि त्याचीं छायाचित्रें घेऊन परतले. एवढें इतिहासांत आहे. चित्रपटांत ते त्या विवराच्या कांठीं उभे राहतात, मूठ उघडतात आणि कॅरनचें कंकण त्या अंधाऱ्या खळग्यांत सोडून देतात. ह्याला कसलाही पुरावा नाहीं. मुलीची एखादी वस्तु त्यांनीं तेथें ठेविली असेल काय, हा प्रश्न चरित्रकारानें उपस्थित केला होता. आर्मस्ट्राँग यांच्या बहिणीनें तसें असावें अशी इच्छा प्रगट केली होती. इच्छेचा पुरावा होत नसतो.

असाच दुसरा फेरफार काळाचा आहे. चित्रपटाच्या आरंभींच नायकाचें एक्स-१५ विमान वातावरणाच्या माथ्यावरून उसळी घेऊन भलतीकडे जातें. आणि तें उड्डाण मुलीच्या आजारपणांत घडलें असें दाखविलें आहे. प्रत्यक्षांत तें २० एप्रिल १९६२ रोजीं, मुलीच्या मृत्यूनंतर जवळजवळ तीन महिन्यांनीं झालें.

काव्याच्या न्यायानें पाहिलें, तर दोन्ही गोष्टी क्षम्य आहेत. मूळ कथेंत रसाला अडथळा करणारें जें असेल तें टाकावें आणि रसाला पोषक असें नवें कल्पावें, अशी मोकळीक खुद्द आनंदवर्धनानें कवीस दिली आहे. कालिदासानें तरी काय केलें? महाभारतांतल्या शकुंतलेच्या आख्यानांत दुर्वासाचा शाप नाहीं आणि अंगठीही नाहीं. दोन्ही कालिदासाचीं. आज मात्र अंगठीवांचून शकुंतलेची कल्पनाच करवत नाहीं. एका लहानशा वस्तूंत सारी आठवण सांठविण्याची ही युक्ति शझेल यांनीं कंकणाच्या रूपानें वापरली, आणि चांगली वापरली, हें आम्ही मोकळ्या मनानें मान्य करितों.

परंतु दुष्यंत आणि आर्मस्ट्राँग यांत एक फरक आहे. दुष्यंताचे पुत्र प्रेक्षागृहांत बसलेले नव्हते. आर्मस्ट्राँग यांचे दोघे पुत्र चित्रपट निघाला तेव्हां हयात होते. त्यांनीं चित्रपटकारांस साह्य केलें आणि चित्रपटाची बाजूही घेतली. म्हणून येथें अन्याय झाला असें म्हणवत नाहीं. तरी ज्या पुरुषानें पन्नास वर्षें हें एकच दार बंद ठेविलें, त्याच्या मृत्यूनंतर त्या दाराला बाहेरून किल्ली लावण्यांत आली, हें खरेंच. ग्रिसम यांच्या मौनांत चित्रपटकारानें भय भरलें. आर्मस्ट्राँग यांच्या मौनांत वात्सल्य भरलें. दुसरें पहिल्यापेक्षां कितीतरी सभ्य आहे, पण दोन्ही ठिकाणीं भरणारा हात परकाच. चंद्रावर ध्वज रोवण्याचा प्रसंग गाळला म्हणून अमेरिकेंत मोठा गहजब झाला. ध्वज तर चित्रपटांत उभा दिसतो! आमच्या मतें वाद घालावयाचाच, तर गाळलेल्या ध्वजापेक्षां घातलेल्या कंकणावर घालावा. पाहणाऱ्यानें निदान एवढें करावें, कीं कंकण हें शझेल यांचें आणि विवरापर्यंतची ती एकट्याची चाल आर्मस्ट्राँग यांची, हा भेद मनांत पक्का ठेवावा.

कल्पनेवांचूनही अशा पुरुषाचें अंतरंग थोडें दिसूं शकतें, असें आम्हांस वाटतें. चंद्रावर उतरतेवेळीं ते जागा शोधीत होते, खालीं मोठमोठे दगड पसरलेले होते, इंधन सरत आलें होतें, आणि त्यांचा स्वर नेहमींसारखाच संथ होता. परंतु वैद्यांचें यंत्र त्यांच्या छातीला जोडलेलें होतें, आणि हृदयाचे ठोके मिनिटाला दीडशेंच्या घरांत गेल्याची नोंद त्यानें करून ठेविली. स्तंभ, स्वेद, वैवर्ण्य इत्यादि आठ सात्त्विक भाव भरतमुनींनीं सांगितले. ही नोंद त्यांच्या पंक्तीला बसण्यास योग्य नाहीं काय? तसेंच छायाचित्रांचें. त्या दिवशीं कॅमेरा बहुतेक वेळ आर्मस्ट्राँग यांच्याच हातीं असल्यामुळें प्रसिद्ध छायाचित्रें त्यांच्या सोबत्याचीं, आल्ड्रिन यांचीं आहेत. आल्ड्रिन यांच्या शिरस्त्राणाच्या कांचेंत एक छोटीशी पांढरी आकृति उमटली आहे, ती आर्मस्ट्राँग यांची. परत येतांना ह्या मितभाषी पुरुषानें यानांत एक संगीत लाविलें. १९४७ सालची, थेरेमिन नांवाच्या हात न लावतां वाजणाऱ्या वाद्याची ती ध्वनिमुद्रिका होती. चित्रपटांत नायक-नायिका तिच्यावर आपल्या घरीं हळुवार नाचतांना दाखविलीं आहेत. हीं सारीं प्रमाणें कागदोपत्रीं आहेत, आणि त्यांतून माणूस दिसतो. २०१९ मध्यें निघालेल्या 'अपोलो ११' ह्या माहितीपटांत तर निवेदकाचा एक शब्दही नाहीं. जुन्या फिती आणि जुने आवाज जसेच्या तसे जोडले आहेत. दोन्ही चित्रपट एकामागून एक पाहावे, म्हणजे काव्य कोठें संपतें आणि इतिहास कोठें सुरू होतो, तें आपोआप कळतें.

किंमत कोणीं दिली

आतां सूनबाईंच्या अभिप्रायाकडे वळूं. मौनाचे दोन प्रकार आहेत. स्वतःच्या पराक्रमाविषयीं न बोलणें हा एक. त्यांत आर्मस्ट्राँग यांची बरोबरी करणारे थोडे. कीर्तीच्या शिखरावर असतां त्यांनीं १९७१ मध्यें सिनसिनाटीच्या विद्यापीठांत अध्यापकाची नोकरी धरली आणि आठ वर्षें केली. आपल्या सह्या लोक विकतात हें कळल्यावर १९९४ पासून सही देणेंच बंद केलें. २००५ मध्यें त्यांच्या न्हाव्यानें त्यांचे कापलेले केस तीन हजार डॉलरांस विकल्याचें उघडकीस आलें! अशा जगांत ज्यानें तोंड मिटलें, त्याला दोष कोण देईल?

दुसरा प्रकार आपल्या माणसांशीं न बोलण्याचा. तो पहिल्याच्या सोबतीनें घरांत शिरतो आणि सद्गुण म्हणूनच मिरवतो. जेमिनी-८ गरगर फिरूं लागलें, तेव्हां जॅनेट आपल्या घरीं एका ध्वनियंत्रावर यानांतील बोलणें ऐकत होत्या. संकट येतांच वरिष्ठांनीं तें यंत्र बंद केलें. त्या तशाच उठून नियंत्रणकेंद्रावर गेल्या, तेथेंही त्यांना आंत घेण्यांत आलें नाहीं. पती बोलत नाहीं, आणि पतीच्या कचेरीनेंही दार लाविलें, अशा कात्रींत ती स्त्री सांपडली. चित्रपटांतील उत्कृष्ट प्रसंग आमच्या मतें चंद्रावरचा नाहीं. चंद्राकडे निघण्यापूर्वीं नायक सामान भरण्याच्या निमित्तानें मुलांची भेट टाळूं पाहतो. जॅनेट त्याला खडसावून भोजनाच्या टेबलाशीं आणून बसविते. मुलें प्रश्न विचारतात, आणि बाप पत्रकारांच्या सभेंत द्यावीं तशीं उत्तरें देतो. मोठा मुलगा विचारतो, तुम्ही परत न येण्याचा संभव आहे काय? बाप नाकारीत नाहीं. मग तो मुलगा बापापुढें हात करितो, मोठ्या माणसानें करावा तसा. बापाचें मौन मुलाकडे वारशानें गेलें, तें त्या हस्तांदोलनांत दिसतें.

चित्रपटाच्या शेवटीं चंद्राहून परतलेला नायक रोगप्रतिबंधक कक्षांत असतो. मध्यें कांच, अलीकडे पत्नी, पलीकडे पती. दोघेंही कांचेला हात लावितात, बोलत नाहींत. प्रत्यक्ष आयुष्यांत त्यांचा विवाह १९९४ मध्यें कायद्यानें संपुष्टांत आला.

आपल्या एकत्र कुटुंबांत घटस्फोटापर्यंत गोष्ट सहसा जात नाहीं, म्हणून आपल्याकडे ही कांच नसते असें कोणीं समजूं नये. बापानें मुलाशीं कामापुरतें बोलावें, मुलाचें कौतुक त्याच्या पाठीमागें करावें, दुःखाचा उच्चार करूं नये, ही शिस्त आपल्याकडील वडील पिढीनें पाळली. तींत एक प्रकारचें उदात्तपण होतें, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु वडील वारल्यानंतर त्यांच्या पेटींतील कागद चाळीत बसलेले, आणि ह्या पत्राचा अर्थ काय, ही पावती कसली, म्हणून एकमेकांस विचारणारे भाऊ-भाऊ आम्हीं आमच्या ओळखींतल्या घरांत पाहिले आहेत. त्यांनाही शेवटीं शझेल यांच्याप्रमाणेंच कंकण कल्पावें लागतें.

अपोलो ११ चे तिघे वीर १९६९ च्या ऑक्टोबरांत जगप्रवासांत मुंबईसही येऊन गेले. पुढें १९८४ मध्यें आपले राकेश शर्मा अंतराळांत गेले, आणि २०२५ मध्यें शुभांशु शुक्ल आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावर राहून परत आले. आपल्याकडेही उद्यां ह्या पुरुषांवर चित्रपट निघतील. ते काढणारांस आमची एवढीच सूचना आहे, कीं नायकाच्या तोंडीं भाषणें घालण्यापूर्वीं त्यानें हातांत काय धरलें होतें तें शोधावें. जेथें कल्पना करावयाची, तेथें ती त्याच्या माणसांना विचारून करावी. आणि जो मेला आहे, त्याच्या मौनाचा अर्थ भय असा लावण्याआधीं उपलब्ध पुरावा दोनदां वाचावा.

आणि वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं असा वडीलधारा पुरुष आज आहे, त्यांना चित्रपटकाराची वाट पाहण्याचें कारण नाहीं. अशा माणसास, तुम्हांला त्या वेळीं काय वाटलें, असें विचारूं नये. त्यावर तो गप्प बसेल. तुम्ही त्या दिवशीं काय काय केलें, कोठून निघालां, बरोबर कोण होतें, किती वाजले होते, असें विचारावें. कामाचा प्रश्न आला, म्हणजे ह्या माणसांची वाणी मोकळी होते. आर्मस्ट्राँग यांनींही चरित्रकारास पन्नासांहून अधिक तास दिले, ते बहुतेक ह्याच प्रकारें. सांगितलेलें त्याच दिवशीं एका वहींत उतरून ठेवावें आणि वर तारीख घालावी.